संदर्भ क्रमांक सात

डॉक्टरीणबाईंचा लेख छापायला घेतल्याची बातमी घरात जेमतेम चार मिनिटं आनंदाची राहिली. पाचव्या मिनिटाला त्यांनी पत्राचा दुसरा परिच्छेद वाचला.

पहिल्या परिच्छेदात त्या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांनी लेखाचं मनापासून कौतुक केलं होतं. दुसरा परिच्छेद त्यांच्या सहायक बाईंचा होता. त्यांनी लिहिलं होतं की लेखाच्या शेवटी दिलेले अडतीस संदर्भ आमच्या पद्धतीत बसत नाहीत, ते चौदा दिवसांत बसवून पाठवावेत. शिवाय संदर्भ क्रमांक सात आम्हांला शोधूनही सापडला नाही. तेव्हा त्या छापील पानाचा फोटो पाठवावा, नाहीतर तो संदर्भ गाळावा.

"अडतीस ओळी तर आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुपारच्या चहाआधी होतील."

हे वाक्य त्यांनी पुढच्या दोन आठवड्यांत अनेकांच्या तोंडून परत ऐकलं, आणि दरवेळी वेगळ्या सुरात.

चाळीस वर्षं दवाखाना चालवून बाईंनी जगाला सांगण्यासारखी एकच गोष्ट जपून ठेवली होती. काही माणसांचा खोकला छातीत नसतो, कानात असतो. कानाच्या आत एक नस असते, तिला काही टोचत राहिलं की माणूस खोकत राहतो. औषधाच्या बाटल्यांवर बाटल्या रिकाम्या करूनही खोकणारा रुग्ण आला की बाई आधी त्याच्या कानात डोकावत. असे एकेचाळीस कान त्यांच्या वहीत नोंदलेले होते. त्यांतून निघालेल्या वस्तूंत कापसाचे बोळे होते, पेन्सिलीचं टोक होतं, शर्टाचं बटण होतं, आणि एका संगीतशिक्षकाच्या कानातून निघालेला मेणाचा गोळा होता. तो त्याने शेजारच्या संगीतशिक्षकाचा रियाज ऐकू येऊ नये म्हणून घातला होता. रियाज थांबला, शेजारी घर बदलून गेला, मेण मात्र आतच राहिलं.

तर हा लेख. आता त्याची संदर्भसूची.

पहिले पुढे सरसावले बाईंचे यजमान. हे एका सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेले मुद्रितशोधक. सगळी इमारत त्यांना 'पूर्णविरामकाका' म्हणत असे, कारण जिन्याखालच्या फलकावर लागलेली एकही सूचना त्यांच्या लाल पेन्सिलीतून सुटली नव्हती. 'पाणी उद्या येणार नाही' या सूचनेखाली लोक पाण्याची काळजी करत, काका शेवटी पूर्णविराम नाही याची.

"आण इकडे," ते म्हणाले. "संदर्भ म्हणजे काय, मुद्रितच. तुला नाही जमायचं ते."

"अहो, नियम वाचा आधी. चार पानांचे आहेत."

"नियम मी पस्तीस वर्षं वाचले."

त्यांनी एक दुपार बसून अडतीसच्या अडतीस संदर्भ तपासले आणि तृप्त चेहऱ्याने परत दिले. बाईंनी चष्मा लावला. नियतकालिकाची पद्धत अशी होती की लेखकाचं आडनाव आधी लिहायचं, मग नावाची आद्याक्षरं, आणि त्या अक्षरांपुढे कुठलंही टिंब द्यायचं नाही. काकांनी एकशे चौदा टिंबं दिली होती. नियतकालिकांची नावं आखूड करून लिहायची होती. काकांनी ती सगळी सोडवून लांब केली होती.

"हे काय केलंत?"

"अर्धवट होती बिचारी. पुरी केली."

"अहो, त्यांना अर्धवटच हवीत! आणि आद्याक्षरांपुढे टिंब नको, असं ठळक अक्षरांत लिहिलंय."

काकांनी नियम वाचला. पुन्हा वाचला. "माणसाच्या नावापुढचं टिंब काढून घ्यायचं?" ते हळू आवाजात म्हणाले. "म्हणजे त्याला भर रस्त्यात अनवाणी उभं करण्यातला प्रकार आहे हा."

ती एकशे चौदा टिंबं खोडायला बाईंना दीड दिवस लागला. काका तेवढा वेळ खिडकीकडे तोंड करून बसले. त्यांना बघवत नव्हतं.

मग आल्या वन्सं. म्हणजे काकांची धाकटी बहीण, बाईंची नणंद. त्या तिसऱ्या मजल्यावर राहत आणि मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीतून मुख्य ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाल्या होत्या. घरातल्या डाळी-तांदळाच्या डब्यांनाही त्यांनी वर्गांक दिलेले होते. पाहुणी बाई स्वयंपाकघरात गेली तर तिला साखर सापडत नसे, पण ती कुठल्या विषयात मोडते ते कळत असे.

"वहिनी, संगणकावर कसली करतेस सूची? कार्डं करायची. एका संदर्भाला एक कार्ड."

"वन्सं, वेळ थोडा आहे हो."

"वेळ थोडा असला की शिस्त जास्त लागते."

झालं. बुटांच्या खोक्यात अडतीस कार्डं उभी राहिली. वन्संनी ती नीट अक्षरक्रमाने लावली. फक्त तो अक्षरक्रम आपला होता. अ, आ, इ, ई. सूचीतले बहुतेक लेखक परदेशी, त्यामुळे प्रत्येकाचा आधी उच्चार ठरवावा लागला. इंग्रजी 'सी'ने सुरू होणारे सहा साहेब होते. त्यांतले तिघे 'क'त गेले, दोघे 'स'त आणि एकजण 'च'त. 'जी'वाल्या एका विदुषींना 'ग'त बसवायचं की 'ज'त, यावरून बहीणभावांचं चांगलंच वाजलं.

"दादा, तू मध्ये पडू नकोस. तुझं इंग्रजी छापखान्यातलं."

"आणि तुझं पुठ्ठ्यावरचं!"

'एक्स'ने सुरू होणाऱ्या एका गृहस्थांना 'क्ष'त टाकण्यात आलं. वर्णमालेत 'क्ष' पार शेवटी येतो, त्याला त्यांचाही इलाज नव्हता.

सगळी कार्डं लागली, वन्संनी खोक्यावर चिठ्ठी डकवली, आणि बाईंनी नियमांचं तिसरं पान उलटलं. तिथे लिहिलं होतं की संदर्भ अक्षरक्रमाने लावू नयेत, लेखात ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने लावावेत.

वन्संनी खोक्यावरची चिठ्ठी सोलून काढली.

"हे पान तू आधी का नाही वाचलंस?" वन्संनी विचारलं.

"मी वाचत होते. तुम्ही मला 'क्ष' शोधायला बसवलंत."

आठव्या दिवशी खालच्या मजल्यावरचे विमावाले आले. ते कुठल्याही संकटावर लगेच मार्ग काढत, आणि तो मार्ग बहुधा दुसऱ्या संकटापर्यंत जाई. त्यांनी सगळी हकीगत ऐकून घेतली आणि हसले.

"डॉक्टरीणबाई, तुमचं घोडं त्या सातव्यापाशी अडलंय ना? तो सापडत नाही ना? मग काढून टाका. आठव्याला सात म्हणायचं, नवव्याला आठ. मजकुरातले आकडे संगणक एका फटक्यात बदलतो."

"सातवा काढायचा नाही," बाई म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या. ही त्यांची चूक झाली. विमावाल्यांना यजमानांच्या खुर्चीत आणि संगणकासमोर एकटं सोडायला नको होतं.

त्या चहा घेऊन आल्या तेव्हा काम फत्ते झालं होतं. संगणकाने सबंध लेखातल्या प्रत्येक आकड्यातून इमानदारीने एक एक वजा केला होता. एका फटक्यात बाईंच्या रुग्णांची तब्येत सुधारली. बारा वर्षांची मुलगी अकराची झाली, नऊ महिने खोकणारा गृहस्थ आठ महिन्यांत बरा झाला. आणि ज्या बाईच्या एका कानात बटण होतं, ते आता शून्य कानात होतं.

"सातवा कुठंय?" बाईंनी कप खाली ठेवत विचारलं.

"गेला!" विमावाले अभिमानाने म्हणाले.

"आणि त्याच्या जागी कोण बसलंय?"

"आठवा."

बाईंचा चेहरा असा झाला की विमावाल्यांनी चहा न घेता चपला घातल्या.

त्यांना बिचाऱ्यांना माहीत नव्हतं. आठवा संदर्भ एका परदेशी साहेबांचा होता. खोकला आणि कान यांचा संबंध दाखवणारं त्यांचं टिपण पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं, आणि सगळे लोक तेच पहिलं समजून चालत. सातवा संदर्भ त्याहून दोन वर्षं जुना होता. जिल्ह्याच्या डॉक्टर मंडळींचं आपल्या भाषेतलं एक छोटं वार्तापत्र निघत असे, त्यात आलेला दीड पानांचा लेख. लिहिणारी होती सव्वीस वर्षांची, नुकती डॉक्टर झालेली एक मुलगी, आणि नावापुढे तिचं माहेरचं आडनाव होतं. सातवा काढला की आठवा सातवा होणार होता, आणि ती मुलगी कुठेच उरणार नव्हती.

"मग तुझी प्रत कुठंय त्या लेखाची?" वन्संनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी छताकडे.

"सांगा ना तुमच्या बहिणीला."

गोष्ट अशी होती की लेखाचं नाव होतं 'कानातून येणारा खोकला'. छापून आलं 'कामातून येणारा खोकला'. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या हाताला 'न'च्या जागी 'म'चा खिळा लागला आणि मुद्रितशोधकाच्या नजरेतून तो सुटला. पुढच्याच सभेत हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी ते वार्तापत्र हातात धरून सगळ्यांसमोर म्हटलं, "बाई, काम केलं की खोकला येतो होय? मग तुमचा खोकला काही बरा व्हायचा नाही. तो पार कामातून गेला!" सभा पाच मिनिटं हसत होती. लेख कोणी वाचला नाही. बाई दुसऱ्या दिवशी छापखान्यात गेल्या, आपली प्रत मुद्रितशोधकाच्या टेबलावर टराटरा फाडली, आणि त्याला जे सुनावलं ते जुळाऱ्यांनी काम थांबवून ऐकलं. तो मुद्रितशोधक म्हणजे काका. वर्षभराने दोघांचं लग्न झालं. मधल्या वर्षात काय झालं ते दोघंही कधी सांगत नाहीत. पण त्यानंतर बाईंनी दुसरा लेख लिहिला नाही, थेट हा लिहीपर्यंत.

"मी पुढच्या अंकात शुद्धिपत्र छापलं होतं," काका म्हणाले.

"सत्तेचाळीस वर्षं ऐकतेय मी. कुठंय ते शुद्धिपत्र?"

"छापलं होतं गं. तीनदा तपासून छापलं होतं."

"मी त्या वार्तापत्राचं तोंड पुन्हा पाहिलं नाही, म्हणून हे चाललंय तुमचं."

आकडे पूर्ववत करण्यात आणखी दोन दिवस गेले, कारण संगणकाने जे वजा केलं ते बेरजेने जसंच्या तसं परत येईना. बटणाचा कान तर शेवटी हाताने लिहावा लागला. अकराव्या दिवशी तिघं कॉलेजच्या लायब्ररीत गेली. जुनी वार्तापत्रं असलीच तर तिथल्या भांडारात असणार होती.

दारावरच्या तरुण ग्रंथपालांनी वन्संना ओळखलं, उठून उभे राहिले, खुर्ची दिली, आणि आत सोडायला नकार दिला.

"मॅडम, नियम आहे. निवृत्त कर्मचाऱ्यांना भांडारात प्रवेश नाही."

"कोणी केला हा नियम?"

त्यांनी अदबीने भिंतीवरचा फलक दाखवला. खाली वन्संची सही होती. त्यांच्या आधीचे निवृत्त ग्रंथपाल रोज येऊन पुस्तकं आपल्या मनासारखी लावत, म्हणून त्यांनीच तो केला होता.

"चांगला नियम आहे," वन्सं कोरड्या आवाजात म्हणाल्या, आणि बसल्या.

"मी इथली माजी विद्यार्थिनी आहे," बाई पुढे झाल्या. "मला जाता येईल?"

"येईल ना. नाव?"

बाईंनी नाव सांगितलं. वहीत त्या नावाचं कोणी नव्हतं. मग माहेरचं सांगितलं. ते होतं. पण ओळखपत्रावर सासरचं.

"या बाई आणि तुम्ही एकच, हे कशावरून?"

"मी ओळखतो यांना," काका म्हणाले.

"आपण कोण?"

"यांचा नवरा."

"मग तुम्ही सासरच्या नावाचे साक्षीदार झालात. मला माहेरच्या नावाचा हवा."

त्र्याहत्तर वर्षांच्या बाईला आपण आपणच आहोत हे एका काउंटरशी उभं राहून सिद्ध करावं लागावं, याचा राग त्यांच्या कानशिलापर्यंत चढला. ग्रंथपाल काही वाईट नव्हते. त्यांनी जुनी सभासद-नोंदवही काढली, सहीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तेव्हाची सही करून दाखवता?"

ती सही बाईंनी सेहेचाळीस वर्षांत केली नव्हती. कशी होती तेही आठवेना. पेन टेकवलं मात्र, हात आपणहून चालू लागला. शेवटच्या अक्षराला एक लांब शेपूट काढून तो थांबला. ग्रंथपालांनी हात उचलला. तेच शेपूट. बाई क्षणभर त्या दोन सह्यांकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "किती उधळं अक्षर होतं बाई माझं."

आता आत कुठे शोधायचं? वन्संनी खुर्चीतूनच हुकूम सोडले. "कान, नाक, घसा बघ!" नाही. "श्वसनविकार!" तिथेही नाही. बाई तासाभराने धुळीने माखून बाहेर आल्या. वन्संनी डोळे मिटले, आपल्याच पहिल्या वर्षीच्या कामाचा विचार केला आणि एकदम डोळे उघडले.

"वहिनी," त्या जरा वेळाने म्हणाल्या, "व्यवसायजन्य रोगांत बघ."

"का?"

"बघ म्हणते ना."

तिथेच होता. गिरणीतल्या धुळीवरचं एक पुस्तक आणि सुतारांच्या पाठदुखीवरचं दुसरं, यांच्या मधोमध. 'कामातून येणारा खोकला' हे नाव वाचून एका नव्या, हुशार, घाईत असलेल्या ग्रंथपाल मुलीने तो अंक, पुढच्या अंकांच्या गठ्ठ्यासकट, कामगारांच्या आजारांत लावून टाकला होता.

"आत काय लिहिलंय ते वाचलं नाहीत का हो?" बाईंनी गठ्ठा घेऊन बाहेर येत विचारलं.

"वर्गीकरण करणारा वाचत बसला तर लायब्ररी कशी चालेल?" वन्सं म्हणाल्या. पण त्यांनी पदर सारखा केला, आणि त्या दिवशी पुन्हा कोणाला शिस्त शिकवली नाही.

काका तोवर बाईंच्या हातातल्या गठ्ठ्यातून पुढचा अंक ओढत होते. "शेवटचं पान! शेवटचं पान बघा! सत्तेचाळीस वर्षं खोटारडा ठरलो मी घरात!" त्यांनी पान उघडलं. तळाशी बारीक टायपात चौकट होती. 'शुद्धिपत्र'. काका ताठ उभे राहिले, घसा साफ केला आणि लायब्ररीतले सगळे वळून पाहतील अशा आवाजात वाचू लागले.

"मागील अंकातील पृष्ठ अकरावरील लेखाच्या शीर्षकात 'कामातून' या शब्दाऐवजी 'कामातून' असे वाचावे."

ते थांबले. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. यावेळी मनातल्या मनात.

"तीनदा तपासलं होतंत ना?" बाई म्हणाल्या.

"तीनदा."

"मग लक्ष कुठे होतं?"

काकांनी त्या चौकटीवर बोट ठेवलं. "आदल्या दिवशी एक बाई टेबलावर कागद फाडून गेली होती," ते म्हणाले. "तिच्याकडे."

डॉक्टरीणबाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला आणि थांबेना. ग्रंथपाल पाणी घेऊन धावले. वन्सं भावाला म्हणाल्या, "दादा, कान बघ रे तिचे."

चौदाव्या दिवशी संदर्भसूची गेली. टिंबं नाहीत, क्रम लेखातला, सातवा जागेवर. छापील नाव जसं असेल तसंच द्यायचं हा नियम, म्हणून 'कामातून' तसंच ठेवलं. पुढच्या अंकात दुरुस्ती आली असेल तर तिचीही नोंद करायची सोय होती, म्हणून तीही केली. दोन्ही पानांचे फोटो आणि इंग्रजी भाषांतर सोबत जोडलं.

तिसऱ्या दिवशी सहायक बाईंचं उत्तर आलं. सर्व संदर्भ योग्य आहेत, आभार. फक्त एक शंका होती. सातव्या संदर्भाच्या शुद्धिपत्रात नेमकी कोणती शुद्धी केली आहे, ते भाषांतरावरून समजलं नाही. कृपया खुलासा करावा.

काका म्हणाले, "लिही, मुद्रितशोधकाची चूक."

वन्सं म्हणाल्या, "लिही, मूळ प्रतीनुसार."

बाईंनी कोणाचं ऐकलं नाही. त्यांनी एवढंच लिहिलं: 'शुद्धिपत्रात शुद्धी नाही. पण हेतू शुद्ध होता. ते तसंच राहू द्यावं.'

सहायक बाईंनी ते राहू दिलं.

चार महिन्यांनी अंक आला. बाईंनी आपला लेख वाचला नाही, सरळ शेवटचं पान काढलं. सातव्या क्रमांकावर त्यांचं माहेरचं आडनाव होतं, पुढे आद्याक्षरं, वर्ष, आणि शुद्धिपत्राची नोंद. त्याखाली, आठव्या क्रमांकावर, परदेशी साहेब आपल्या जागी मुकाट्याने बसले होते.

काका मागे उभे राहून वाचत होते. त्यांचा हात खिशातल्या लाल पेन्सिलीकडे गेला आणि थांबला.

"ही घरची प्रत आहे ना?" त्यांनी विचारलं.

"घरचीच."

काकांनी वाकून सातव्या संदर्भातल्या पहिल्या आद्याक्षरापुढे एक छोटं, गोल, स्पष्ट टिंब दिलं, आणि पेन्सिल परत खिशात घालू लागले.

"अहो, तपासून बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुसरं राहिलंय."